शेजारी अकरा मजली इमारत येतेय. आमच्या गॅलरीतल्या उन्हाचं काय होईल?

ओसरी – १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत होतं, आज लिहितेच.

आम्ही पुण्यात, कोथरूडला राहतो. पार्किंग आणि वर तीन मजले अशी आमची छोटी सोसायटी १९८८ची आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दक्षिणेला एक जुना बंगला होता. दिवाळीनंतर तो पाडला आणि तिथे पार्किंग अधिक अकरा मजले उभे राहणार आहेत. पत्र्याच्या कुंपणावर बोर्ड लागलाय, त्यावर उंची ३६ मीटर लिहिली आहे.

आमची बैठकीची खोली आणि गॅलरी दक्षिणेकडे उघडतात. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. थंडी सुरू झाली की सकाळचा चहा झाल्यावर त्या नऊला गॅलरीत खुर्ची टाकून बसतात ते थेट अकरापर्यंत. गुडघ्यांना तेल लावणं, भाजी निवडणं, पोथी वाचणं सगळं तिथेच. गेली पस्तीस वर्षं हा क्रम चुकलेला नाही. परवा त्यांनी मला विचारलं, "पुढच्या वर्षी मी कुठे बसू गं?" मला उत्तर देता आलं नाही.

बिल्डरच्या ऑफिसात गेले तर तिथल्या माणसाने सांगितलं, "मॅडम, सगळं नियमाप्रमाणे सोडलंय, तुम्हाला भरपूर उजेड राहील." मला उजेड आणि ऊन यातला फरक कळतो, पण त्यापुढे काय बोलायचं ते सुचलं नाही.

तर प्रश्न दोन. किती ऊन जाणार हे इमारत उभी राहण्याआधी कळू शकतं का? आणि त्यावर आमचा काही हक्क आहे का?

मागची खोली – १४ नोव्हेंबर, रात्री ८.२५

ताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न वाचून गलबलून आलं. आम्ही दादरला. आमच्या मागे टॉवर आला त्याला सहा वर्षं झाली. स्वयंपाकघरात भर दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. पावसाळा संपला तरी कपाटामागची ओल ऑक्टोबरभर वाळत नाही, दरवर्षी भिंत खरवडून रंग काढावा लागतो. आईच्या साड्यांना बुरशी धरली म्हणून ट्रंका आत्याकडे पाठवल्या. तुमचं बांधकाम अजून जमिनीच्या वर आलेलं नाही, तोवर जे करता येईल ते करा. आम्हाला फार उशिरा जाग आली.

सावलीमोज – १४ नोव्हेंबर, रात्री १०.५२

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे: कळू शकतं, आणि मिनिटांच्या हिशोबात कळू शकतं. मी तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. या एका गोष्टीकडे बांधणारे आणि राहणारे दोघेही दुर्लक्ष करतात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. त्या दिवशी भर माध्यान्हीलाही तो क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो. म्हणजे माध्यान्हीची सावली उंचीच्या ०.९ पट पडते. ३६ मीटर उंचीच्या इमारतीची सावली ३२ मीटर, नेमकी उत्तरेला, म्हणजे तुमच्याकडे. सकाळी दहाला ती उंचीच्या दीडपट असते आणि नऊला सव्वादोन पटींहून जास्त, पण तेव्हा तिची दिशा वायव्येला असते. या दिशेला फार महत्त्व आहे, पुढे सांगतो.

घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याची माध्यान्ह नव्हे. आपली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून डिसेंबरात इथे सूर्य नेमका दक्षिणेला, सगळ्यात वर येतो तो १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास. गॅलरीत निरीक्षण करताना हे लक्षात ठेवा.

आता वर्षभराचं चित्र. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या आसपास माध्यान्हीला सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर असतो, ३६ मीटरची सावली १२ मीटरवर आवरते. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, तेव्हा खांबाचीही सावली त्याच्या पायाशी. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला माध्यान्हीचं ऊन तसंही नसतं. थोडक्यात, दक्षिणेकडची उंच इमारत तुमच्याकडून उन्हाळा घेत नाही, हिवाळा घेते. लोक मे महिन्यात जागा बघायला येतात, खोलीत प्रकाश बघून खूश होतात आणि डिसेंबरात हळहळतात.

तुमच्याबद्दल नेमकं सांगायला चार मापं हवीत. दोन इमारतींमधलं अंतर. गॅलरीची जमिनीपासून उंची. नव्या इमारतीची पूर्व-पश्चिम लांबी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिचं पूर्व टोक तुमच्या गॅलरीच्या किती पूर्वेला येतं. मंजूर नकाशा महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीत मिळायला हवा. तिथे वाचता येत नसेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

वर्धा रोड – १५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

नागपूरहून. ओसरीताईंचं दुःख मान्य, पण वेगळा अनुभव सांगतो, कारण धागा वाचून कोणी शेजारच्या प्रत्येक इमारतीला घाबरू नये. आमच्या घराच्या पश्चिमेला मोकळा प्लॉट होता. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपासून सहापर्यंत ती भिंत अशी तापायची की रात्री दहा वाजताही हात लावला तर चटका बसायचा. तिथे पाच मजली इमारत आली आणि आमच्या बेडरूमचं रूपच पालटलं. आधी दोन कूलर लागायचे, आता एकावर भागतं. तेव्हा दिशा बघा. पश्चिमेची सावली आमच्याकडे तरी देवासारखी आली.

सावलीमोज – १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

वर्धा रोड, अगदी योग्य मुद्दा. पश्चिमेची इमारत दुपारचा ताप अडवते, पूर्वेची सकाळचं कोवळं ऊन घेते, उत्तरेची इमारत आपल्या अक्षांशावर उन्हाला जवळपास हात लावत नाही, फक्त आभाळाचा उजेड कमी करते. दक्षिणेचीच तेवढी हिवाळाभर छळते.

काळा कोट – १५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दिवाणी कोर्टात वकिली करतो. इथे लिहितोय ती सर्वसाधारण माहिती आहे, तुमचे कागद बघून सल्ला देणारा वकील वेगळा करावाच लागेल.

१८८२चा भारतीय सुविधाधिकार कायदा, ज्याला आम्ही ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणतो, तो १८९१मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला उजेड आणि हवा सलग वीस वर्षं, शांतपणे, हक्क म्हणून, खंड न पडता मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. तुमची इमारत १९८८ची, खिडक्या त्याच जागी असतील तर वीस वर्षं केव्हाच भरली आहेत. शेजारची जमीन सरकारी असती तर तीस वर्षं लागली असती.

आता ज्या गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही त्या.

पहिली. हा हक्क इमारतीच्या उघड्या भागांतून, म्हणजे खिडकी, दार, झरोका यांतून येणाऱ्या उजेडाचा आहे. कलम १७ स्पष्ट सांगतं की मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क असा वहिवाटीने मिळत नाही. अंगण, बाग, मागचं परसू यांवर या कलमाच्या जोरावर दावा उभा राहत नाही. ताई, तुमचा मुद्दा मांडताना बैठकीच्या खोलीची खिडकी आणि गॅलरीचं दार पुढे ठेवा. खुर्चीची जागा मनात कितीही पुढे असली तरी.

दुसरी. पूर्वीइतकाच उजेड मिळालाच पाहिजे असं कोर्ट म्हणत नाही. कलम ३३ प्रमाणे भरीव नुकसान दाखवावं लागतं: घराची किंमत कमी झाली, किंवा राहणाऱ्यांच्या शारीरिक सुखसोयीला खरोखर बाध आला, किंवा त्या जागेत चालणारा व्यवसाय पहिल्यासारखा करता येईना. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९०४मध्ये एका दुकानाच्या खटल्यात हीच कसोटी घालून दिली आणि आपल्याकडेही तिचा आधार घेतला जातो. उजेड कमी होणं पुरेसं नाही, सामान्य माणसाला त्या खोलीत नीट वावरता येत नाही इतका तो कमी व्हावा लागतो.

तिसरी. वेळ. अडथळा झाल्याचं कळल्यावर वर्षभर गप्प बसलात तर तुम्ही तो मान्य केला असं धरलं जाऊ शकतं. आणि वीस वर्षांचा काळ दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेला असावा लागतो. म्हणून लेखी हरकत आजच पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवा. मनाई हुकूम मागायचा तर स्लॅब वर चढण्याआधी. बारा स्लॅब पडल्यावर कोर्टाचा कल पाडून टाकण्यापेक्षा भरपाईकडे जातो.

चौथी. महापालिकेची परवानगी मिळाली म्हणून तुमचा खाजगी हक्क आपोआप मरत नाही. आणि उलटही खरं. नियमाचा भंग झाला असेल तर ती तक्रार वेगळी, ती महापालिकेकडे करायची. दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

ओसरी – १५ नोव्हेंबर, रात्री ९.००

दोघांचेही मनापासून आभार. आज घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "हिवाळा घेते, हे खरं बोलले ते." नकाशा मिळवायला भाच्याला बसवलंय.

लिफ्ट नसलेलं घर – १६ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. वाईट वाटून घेऊ नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमची सोसायटी पुण्यातलीच, चाळीस वर्षांची. पुनर्विकासाला जातेय. शेजारच्या इमारतीतले लोक आमच्याशी आता बोलत नाहीत, कारण आमच्यामुळे त्यांचं ऊन जाणार. आमच्या तिसऱ्या मजल्यावर माझे वडील आहेत, अर्धांगवायू झालेले. लिफ्ट नाही. दोन वर्षांत ते चार वेळा खाली उतरले, चारही वेळा खुर्चीत बसवून चौघांनी उचलून. स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, पावसाळ्यात छतातून गळतं. दुरुस्तीचा खर्च आमच्यापैकी निम्म्यांना झेपणारा नाही. उंच इमारत झाल्याशिवाय बिल्डर पैसे घालत नाही, आणि ती झाल्याशिवाय माझे वडील खाली येऊ शकत नाहीत. आम्हाला कोणाचं ऊन नकोय हो. आम्हाला लिफ्ट हवी आहे.

ओसरी – १६ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या शेजारचा बंगला ज्यांचा होता ते कुटुंब मी नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून ओळखीचं आहे. त्यांच्याही काही अडचणी असतीलच. इमारत होऊच नये असं मी म्हणत नाही. ती कशी उभी राहते यात आमचा विचार कोणी केला नाही, तेवढंच दुखतंय. तुमच्या वडिलांना लवकर खाली अंगणात बसता यावं.

तोक्योकर – १६ नोव्हेंबर, दुपारी ४.४५

"आमचा विचार कोणी केला नाही" या वाक्याशी थांबलो. मी बारा वर्षं जपानमध्ये आहे. इथे तो विचार कायद्यात लिहिलेला आहे. साठच्या दशकात शहरांत उंच इमारती वाढल्या तशी शेजाऱ्यांची आंदोलनं सुरू झाली, "निश्शोकेन" म्हणजे उन्हाचा हक्क हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला. १९७२मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेजाऱ्याचं ऊन अडवणं हे भरपाईला पात्र नुकसान असू शकतं असं मानलं. १९७६मध्ये बांधकाम कायद्यात सावलीचा नियम आला.

नियम असा. दिवस मोजायचा तो २२ डिसेंबरच्या आसपासचा, वर्षातला सगळ्यात वाईट. वेळ सकाळी आठ ते दुपारी चार, सूर्याच्या घड्याळाने. तुमच्या हद्दीपासून पाच मीटर आणि दहा मीटरवर रेषा आखायच्या. त्या रेषांपलीकडे तुमच्या इमारतीची सावली ठरलेल्या तासांपेक्षा जास्त पडता कामा नये. सगळ्यात कडक भागात पाच ते दहा मीटरच्या पट्ट्यात तीन तास आणि त्यापलीकडे दोन तास. बाजारपेठेच्या भागाला हा नियम नाही, राहत्या भागांना आहे. परवानगी मागतानाच वास्तुरचनाकार तासातासाच्या सावल्यांचा नकाशा जोडतो. इथल्या बऱ्याच इमारती वरच्या मजल्यांवर पायऱ्यांसारख्या मागे सरकलेल्या किंवा तिरक्या कापलेल्या दिसतात, त्यामागे असेच नियम असतात.

सावलीमोज – १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

तोक्योकरांनी फार मोलाची माहिती दिली. आपल्याकडे डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली आहे, युडीसीपीआर. त्यात बाजूचं अंतर उंचीशी बांधलेलं आहे, ढोबळ सूत्र उंचीच्या एक-पंचमांश, त्यालाही वरची मर्यादा. पण ते अंतर, बाजू कुठल्याही दिशेची असो, त्याच सूत्राने निघतं. उत्तरेला शेजाऱ्याची दक्षिणेची खिडकी आहे की दक्षिणेला त्याची उत्तरेची भिंत, सूत्राला फरक पडत नाही. सूर्याला पडतो. माझ्या मते या नियमावलीत एक ओळ जरी वाढली, की राहत्या भागात परवानगीच्या अर्जासोबत २२ डिसेंबरचा सावलीचा नकाशा जोडावा, तरी निम्मी भांडणं टेबलावरच मिटतील. आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे.

दवाखाना संध्याकाळी – १६ नोव्हेंबर, रात्री १०.१०

फॅमिली डॉक्टर आहे. ड जीवनसत्त्वाचं कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो. ते तयार करणारे किरण सूर्य वर असताना पुरेसे पोचतात. सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. सावलीमोजांच्या हिशोबाने पुण्यात डिसेंबरात ती वेळ साडेअकरा ते दीडच्या दरम्यान येते. खिडकीच्या बंद काचेतून ते किरण जवळपास येतच नाहीत. म्हणजे नऊ ते अकराचं कोवळं ऊन आजींना ऊब देतं, आखडलेले सांधे मोकळे करतं, झोपेचं चक्र ताळ्यावर ठेवतं, मन प्रसन्न ठेवतं. या वयात ते थोडं नाही. ड जीवनसत्त्वासाठी मात्र वेगळी तपासणी करून गोळी लागते का ते बघा.

ओसरी – २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.५०

नकाशा मिळाला! भाच्याने मापं काढून दिली. त्यांच्या उत्तरेचं अंतर ७.२ मीटर, आमचं ३ मीटर, म्हणजे दोन इमारतींमध्ये साधारण १० मीटर. आमच्या गॅलरीची उंची ७ मीटर धरलीय. नवी इमारत पूर्व-पश्चिम २८ मीटर लांब. तिचं पूर्व टोक आमच्या गॅलरीच्या १० मीटर पूर्वेला येतं, पश्चिम टोक १८ मीटर पश्चिमेला. आमच्या पूर्वेला रस्ता आहे, त्यामुळे तिकडून काही अडत नाही. त्यांचं गेटही पूर्वेलाच आहे, पण पार्किंगचा रॅम्प नकाशात मागे, पश्चिमेला दाखवलाय.

आमची गच्ची १४ मीटर रुंद आहे, जमिनीपासून १२ मीटरवर. तिथे सहा घरांचे सौर बंब आहेत. त्यांचंही सांगाल का?

सावलीमोज – २१ नोव्हेंबर, रात्री ११.३०

ताई, भाच्याला शाबासकी द्या. मापं चोख आहेत. हिशोब असा निघतो.

आधी माध्यान्ह. तुमच्या गॅलरीतून त्या इमारतीचा माथा दिसायला ७१ अंश मान वर करावी लागेल. माध्यान्हीचा सूर्य त्याच्या वर जातो तो साधारण १९ मार्च ते २४ सप्टेंबर. म्हणजे नवरात्राच्या तोंडावर तुमच्या गॅलरीतलं माध्यान्हीचं ऊन जाईल आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येईल.

पण सासूबाई माध्यान्हीला बसत नाहीत, नऊ ते अकरा बसतात. त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, आणि इमारतीचा माथा नव्हे, तिचं पूर्व टोक महत्त्वाचं ठरतं. डिसेंबरअखेरीस सकाळी नऊला सूर्य दक्षिणेपासून ५३ अंश पूर्वेकडे असतो. तुमच्यापासून १० मीटरवरच्या त्या भिंतीच्या रेषेत ते ठिकाण १३ मीटर पूर्वेला येतं. टोक १० मीटरवर आहे, म्हणजे नऊला ऊन टोकाच्या बाजूने निसटून तुमच्यापर्यंत पोचतं. ९ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास सूर्य टोकामागे जातो. मग संध्याकाळी पाचपर्यंत गॅलरीत ऊन नाही. पाचनंतर पश्चिम टोकाच्या बाजूने तास-पाऊणतास येईल, मावळतीचं.

सासूबाईंना म्हणावं, नऊला बसलात तर पन्नास मिनिटं मिळतील. आठला बसलात तर जवळपास दोन तास, पण ते जरा थंड असतील.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट. इमारत जशी आहे तशीच, तेवढीच उंच आणि तेवढीच लांब ठेवून पाच मीटर पश्चिमेला सरकली तर टोक तुमच्यापासून ५ मीटरवर येतं, आणि ऊन ११ वाजून १० मिनिटांपर्यंत राहतं. पाच मीटरला एक तास वीस मिनिटं! उलट बाजूचं अंतर ७.२ चं ९ मीटर करून घेतलंत तर माध्यान्हीच्या हिशोबात फारसं काही हाती लागत नाही. बहुतेक सोसायट्या अंतर वाढवा म्हणून भांडतात आणि टोक कुठे आहे हे विचारतच नाहीत.

गेट पूर्वेला आणि रॅम्प पश्चिमेला का, हे मला नकाशावरून कळलेलं नाही. रॅम्प पूर्वेला घेता आला तर इमारत पश्चिमेला सरकायला जागा होते. त्यांच्या वास्तुरचनाकाराला हा प्रश्न जरूर विचारा. एक फ्लॅटही कमी होत नाही.

गच्ची: डिसेंबरात माध्यान्हीला त्या इमारतीच्या माथ्याची सावली तुमच्या गच्चीच्या पातळीवर साडेएकवीस मीटर पोचते. त्यातले १० मीटर मधल्या मोकळ्या जागेचे. म्हणजे १४ मीटरपैकी साडेअकरा मीटर गच्ची सावलीत, उत्तरेची अडीच मीटरची पट्टी उन्हात. बंब उत्तरेच्या कठड्याकडे हलवा.

सौरछप्पर – २२ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

गच्चीवर वीज बनवणाऱ्या पॅनेलचा विचार असेल तर आत्ताच थांबा. सोसायट्यांना सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आहे, म्हणून विक्रेते घाई करतात आणि उन्हाळ्यात येऊन माप घेऊन जातात. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की त्या सगळ्या माळेचं उत्पादन घसरू शकतं. प्रत्येक पॅनेलला वेगळं यंत्र लावून हे कमी करता येतं, पण सावलीतून वीज कोणी काढू शकत नाही. शेजारचे नकाशे बघितल्याशिवाय पंचवीस वर्षांचा खर्च करू नका.

गल्ली पश्चिम – २२ नोव्हेंबर, दुपारी २.१५

सावलीमोज सर, एक शंका. ओसरीताईंच्या इमारतीत त्यांच्या पश्चिमेला जी घरं आहेत, त्यांचं काय? इमारत पश्चिमेला सरकली तर त्यांचं ऊन जाणार ना? आमच्या सोसायटीत अशाच एका मागणीवरून दोन तट पडले होते.

सावलीमोज – २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

प्रश्न रास्त आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. ताईंच्या गॅलरीच्या ८ मीटर पश्चिमेला एक गॅलरी धरून हिशोब केला. आहे त्या नकाशात तिथलं सकाळचं ऊन आठलाच संपतं आणि दुपारी सव्वातीनला परत येतं. इमारत सरकवली तर सकाळी नऊ-सव्वानऊपर्यंत ऊन मिळेल, पण दुपारचं साडेचारला येईल. म्हणजे सकाळी तासभर वाढला, दुपारी सव्वा तास गेला. त्या घरातल्या लोकांना कोणतं ऊन हवंय ते त्यांनाच विचारावं लागेल. संध्याकाळी कपडे वाळवणारं घर असेल तर ते नाही म्हणेल.

ओसरी – २२ नोव्हेंबर, रात्री ९.३५

त्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मी आत्ताच जाऊन आले. त्यांना सगळं कागदावर काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, दुपारी मी झोपते, मला सकाळचं चालेल. पण त्यांनी आणखी एक विचारलं, की तळमजल्यावरच्या पार्किंगला लागून जो वॉचमन कुटुंबासह राहतो, त्याच्या खोलीला कुठल्याच हिशोबात ऊन दिसत नाही. खरंच दिसत नाही. माझ्या यादीत तो नव्हताच, याची मला लाज वाटली. पत्रात त्याच्या खोलीचंही लिहिणार आहे.

मातीचे हात – २३ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

गॅलरीत तुळस, मोगरा, जास्वंद असतील तर त्यांना दिवसाचे चार-पाच तास ऊन लागतं, हिवाळ्यात ती रुसतील. दसऱ्यानंतर कुंड्या गच्चीवरच्या त्या उत्तरेच्या पट्टीत नेता येतील. गॅलरीत नागवेल लावा, तिला सावलीच आवडते. अळूही जगेल.

काळा कोट – २३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

ताई, आता पत्र लिहिताना सावलीमोजांचा हिशोब आणि माझा कायदा वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. आधी विनंती, रॅम्प आणि टोकाची. मग हक्क राखून ठेवल्याचं एक वाक्य. पहिल्याच ओळीत कोर्टाची धमकी दिलीत तर समोरचा वकिलाकडे जातो, नकाशाकडे जात नाही.

आणि पुरावा जमवा. या डिसेंबरातलं ऊन हे तुमच्याकडचं शेवटचं मोकळं ऊन असू शकतं. खिडकीतून आत येणाऱ्या उन्हाचे फोटो, तारीख-वेळेसह, दर तासाला. खोलीत किती आतपर्यंत येतं ते टेपने मोजून. शेजारच्या दोन लोकांच्या सह्या.

सावलीमोज – २३ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

फोटोंबरोबर जुनी रीत सांगतो. आपल्या जुन्या गणितात बारा अंगुळांच्या शंकूची सावली मोजून वेळ आणि दिशा काढत. तुम्ही गॅलरीच्या कठड्याची सावली वापरा. २२ डिसेंबरला, ढग असतील तर त्याच्या पुढच्या-मागच्या दिवशी, आठपासून दर अर्ध्या तासाला फरशीवर सावलीच्या कडेला खडूने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. आडवी रेघ नीट आली पाहिजे, म्हणून लाकडी पट्टी धरा.

ओसरी – २२ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

आज केलं. सकाळी साडेसातपासून तयारी. पट्टी सासूबाईंनी धरली, खडू मुलीच्या हातात, घड्याळ माझ्याकडे, फोटो भाचा काढत होता. आठ ते चार, सतरा रेघा. ढग नव्हते. सव्वादहाच्या सुमारास वॉचमनची धाकटी वर आली आणि शेवटपर्यंत थांबली, तिलाही दोन रेघा मारू दिल्या. खोलीत ऊन साडेबाराला २ मीटर १० सेंटिमीटर आत आलं होतं, शिक्षिकाबाईंची आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची सही घेतली.

पत्र ४ तारखेला गेलंय, पोच आली आहे. त्यांच्या वास्तुरचनाकारांनी शुक्रवारी साडेचारला भेटायला बोलावलंय, रॅम्पचा नकाशा सोबत आणायला सांगितलाय. खोदकाम सुरू झालंय, पण अजून पाया भरलेला नाही.

एक विचारायचं होतं. सासूबाई म्हणतात खडू उद्या फरशी पुसताना जाईल. या रेघा टिकवायला काय वापरू?

सावलीमोज – २२ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

पांढरा ऑइल पेंट, बारीक ब्रश. आज रात्रीच करा, फरशी कोरडी आहे तोवर. प्रत्येक रेघेशेजारी वेळ, आणि कोपऱ्यात तारीख आणि साल.